सर्कस एक, मते अनेक



एखादे पुस्तक वाचून झाले, की कोणीतरी आपल्याला विचारते, "कसे वाटले?" आपण चटकन उत्तर देतो, "छान आहे," नाहीतर "कंटाळवाणे आहे." मग समोरचा विचारतो, "का?" प्रश्न एका अक्षराचा असतो, पण त्याच्यापुढे भलेभले गप्प बसतात. काही जण मित्राचेच मत आपले म्हणून सांगतात आणि वेळ मारून नेतात. परीक्षेत तर मार्गदर्शकातले उत्तर पाठ करून उतरवले जाते. पुष्कळदा उत्तर लिहिणाऱ्याने ते पुस्तक उघडलेलेही नसते.

उर्दूत तुम्ही ज्याला 'राय' म्हणता, त्याला मराठीत 'मत' किंवा 'अभिप्राय' म्हणतात. शब्द वेगळे असले, तरी अट एकच आहे. मत स्वतःचे असावे आणि त्याला आधार असावा. हा आधार कुठून आणायचा? माझ्या मते तो पुस्तकातूनच आणायचा. हे तुम्हांला पटावे, म्हणून आज मी एका विलक्षण कादंबरीची आणि तिच्याविषयी वाद घालणाऱ्या वाचकांची ओळख करून देणार आहे.

ही कादंबरी इंग्रजी भाषेत आहे. तिचे नाव 'द सर्कस ऑफ डॉक्टर लाओ', म्हणजेच 'डॉक्टर लाओची सर्कस'. तिचे लेखक चार्ल्स जी. फिनी हे अमेरिकन होते. त्यांचा जन्म १९०५ साली झाला आणि १९८४ साली ते वारले. तरुणपणी, १९२७ ते १९२९ या काळात, ते अमेरिकन सैन्यात शिपाई होते आणि चीनमधील तिआनजिन शहरात राहिले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात एका वृत्तपत्रात नोकरी धरली आणि सुमारे चाळीस वर्षे तेथेच काम केले. १९३५ साली त्यांची ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात बोरिस आर्टझिबाशेफ या चित्रकाराने काढलेली चित्रे होती. त्या वर्षीचे सर्वांत स्वतंत्र कल्पनेचे पुस्तक म्हणून अमेरिकेतील पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने तिला पुरस्कारही दिला.

आता कथा ऐका. ॲरिझोना हा अमेरिकेचा उष्ण आणि कोरडा प्रदेश आहे. तेथे ॲबलोन नावाचे एक लहानसे गाव आहे, अशी लेखकाने कल्पना केली आहे. ऑगस्ट महिन्यातल्या एका सकाळी गावच्या वृत्तपत्रात सर्कशीची एक भली मोठी जाहिरात झळकते. ती बारकाईने वाचणारा पहिला माणूस म्हणजे वृत्तपत्राचा मुद्रितशोधक. छापलेल्या मजकुरातील चुका शोधणे हे त्याचे काम. त्याचे नाव ईटेऑइन. हे नाव विचित्र वाटते ना? त्यात एक गंमत आहे. त्या काळी मजकूर जुळवण्यासाठी लायनोटाइप नावाचे यंत्र वापरत. इंग्रजीत जी अक्षरे सर्वांत जास्त वेळा येतात, ती या यंत्रावर ओळीने मांडलेली असत: ई, टी, ए, ओ, आय, एन. ती एकापुढे एक लिहिली, की हे नाव तयार होते. वृत्तपत्रात आयुष्य घालवलेल्या लेखकालाच असे नाव सुचणार!

त्याच दिवशी सर्कस गावात येते. तिचा मालक डॉक्टर लाओ हा एक चिनी म्हातारा आहे. त्याच्या सर्कशीत वाघ-सिंहांच्या कसरती नाहीत. जगातल्या जुन्या कथांमधले प्राणी आणि माणसे तेथे साक्षात हजर आहेत. एकशिंगी घोडा आहे, जलपरी आहे, समुद्रातला प्रचंड सर्प आहे. पानाफुलांचा बनलेला एक हिरवागार कुत्रा आहे. जिच्याकडे पाहताच माणसाचा दगड होतो, ती ग्रीक कथेतली मेड्यूसा आहे. नेहमी खरेच भविष्य सांगणारा अपोलोनियस नावाचा एक प्राचीन ज्ञानी पुरुष आहे. शिवाय तुमच्या ओळखीची एक वस्तूही तेथे आहे. ती म्हणजे रुख पक्ष्याचे अंडे. होय, 'अलिफ लैला'मधल्या सिंदबादला भेटला होता, तोच हा रुख!

एवढी नवलाई गावात आल्यावर लोकांनी काय करावे? ते वाद घालू लागतात. सर्कशीची मिरवणूक रस्त्यातून जाते, तेव्हा एका पिंजऱ्यात काहीतरी दिसते. कोणी म्हणतो, ते अस्वल आहे. कोणी म्हणतो, छे, तो माणूस आहे. पिंजरा एकच, पाहण्याची वेळ एकच, रस्ताही एकच. तरी शेवटपर्यंत एकमत होत नाही. प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो आणि पुन्हा जाऊन नीट पाहावे असे फार थोड्यांना सुचते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण पुस्तकातल्या लोकांचे जे झाले, तेच पुस्तकाच्या वाचकांचेही झाले. १९३५ पासून आजपर्यंत या कादंबरीविषयी वाचकांचे एकमत झालेले नाही. त्यांची काही मते आपण पाहू. मात्र प्रत्येक मतापाशी थांबून विचारू, "का?"

पहिले मत असे. "या पुस्तकाला कथाच नाही. एकामागून एक तंबू, एकामागून एक प्राणी! नायक नाही, नायिका नाही, शेवटी काय होणार याची उत्सुकता नाही." हे मत मांडणारे वाचक खोटे बोलत नाहीत. पुस्तकात खरोखरच सलग कथानक नाही. पण दुसरे वाचक म्हणतात, "आपण सर्कस पाहायला जातो, तेव्हा तेथे तरी सलग कथा कुठे असते? आपण या तंबूतून त्या तंबूत जातो. हे पुस्तक वाचतानाही तसेच होते." आता गंमत पाहा. दोघांनीही एकच गोष्ट पाहिली. पुस्तक तुकड्यातुकड्यांचे आहे, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला तो दोष वाटला, दुसऱ्याला तो गुण वाटला. असा मतभेद चांगला. त्यात दोघांनाही पुस्तकातला आधार आहे.

दुसरे मत एका प्रसंगावरून आहे. श्रीमती कॅसन नावाची एक विधवा अपोलोनियसच्या तंबूत जाते. "माझ्या जमिनीत तेल कधी सापडेल? माझे पुन्हा लग्न कधी होईल?" असे ती विचारते. अपोलोनियस सांगतो, की तेल सापडणार नाही आणि लग्नही होणार नाही. तिचा उद्याचा दिवस आजच्यासारखाच असेल आणि परवाचा दिवस उद्यासारखाच. काही वाचक म्हणतात, "हे फार निर्दय आहे. एकट्या बाईला असे तोंडावर सांगावे का? लेखकाच्या मनात माया नाही." इतर वाचक म्हणतात, "भविष्य सांगणारे सगळे गोड बोलून पैसे घेतात. हा एकच खरे बोलला, तर त्याला निर्दय का म्हणायचे?"

मी हा प्रसंग वाचला, तेव्हा त्या बाईच्या प्रश्नांकडे माझे लक्ष गेले. मला काय मिळेल, कधी मिळेल, कोण येईल, असेच ती विचारते. मी काय करू, असे ती विचारत नाही. म्हणून अपोलोनियसचे उत्तर मला कठोर वाटले, पण अन्यायाचे वाटले नाही. तुम्हांला कदाचित वेगळे वाटेल. वाटू द्या. फक्त तो प्रसंग पुन्हा वाचून मग सांगा.

तिसरे मत लोकांच्या वागण्याविषयी आहे. मेड्यूसाच्या तंबूत डॉक्टर लाओ सर्वांना बजावतो, की तिच्याकडे सरळ पाहू नका, आरशातच पाहा. केट नावाच्या बाईला हे सारे थोतांड वाटते. ती कोणाचे ऐकत नाही. पुढे होऊन सरळ पाहते आणि तिथल्या तिथे दगड होते. पुस्तकाच्या शेवटी सर्वांसाठी मोठ्या तंबूत एक भव्य देखावा होतो. दुष्काळाने पोळलेले एक प्राचीन नगर, तेथला देव आणि त्या देवासाठी द्यायचा नरबळी असे ते भयंकर दृश्य असते. खेळ संपतो. लोक उठतात आणि उन्हातून, धुळीतून आपापल्या वाटेने निघून जातात. बस्स! येथे पुस्तकाची कथा थांबते.

पुष्कळ वाचकांना हा शेवट मुळीच आवडत नाही. "एवढे चमत्कार पाहिले, तरी कोणी बदलले नाही! मग या गोष्टीचा उपयोग काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. गोष्टीत शेवटी कोणीतरी शहाणा होतो, अशी आपल्याला सवय असते. परंतु मला वाटते, की लेखकाला नेमके हेच दाखवायचे होते. नवल समोर येऊन उभे राहते आणि आपण जांभई देतो. उर्दूत ज्याला 'तमाशबीन' म्हणतात, त्याला मराठीत 'बघ्या' म्हणतात. बघ्या फक्त बघतो. गर्दी पांगली, की तोही पांगतो. त्याने जे पाहिले, त्याचे त्याच्या मनात काहीच उरत नाही. ॲबलोन गाव बघ्यांनी भरलेले आहे. आणि आपणही पुस्तके अशीच वाचत असू, तर आपणही त्याच गावचे रहिवासी आहोत.

चौथे मत पुस्तकाच्या अखेरच्या पानांविषयी आहे. कथा संपल्यावर लेखकाने एक लांबलचक यादी दिली आहे. पुस्तकात आलेले पुरुष, स्त्रिया, मुले, प्राणी, देव, शहरे, इतकेच काय, खाण्याचे पदार्थही तिच्यात नोंदवले आहेत. प्रत्येकाबद्दल एखादे खोचक वाक्य आहे. सर्वांत शेवटी प्रश्न आहेत. पुस्तकात जे जे नीट सांगितले नाही, त्याविषयी लेखक स्वतःच प्रश्न विचारतो आणि उत्तर न देता पुस्तक संपवतो. काही वाचक यादीवर चिडतात. "ही पाने कशाला वाया घालवली?" असे ते म्हणतात. काही वाचकांना मात्र संपूर्ण पुस्तकात हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. मला विचाराल, तर यादी थोडी लांबली आहे. शेवटचे प्रश्न मात्र छान आहेत. लेखक तेथे जणू वाचकाच्या हाती खडू देतो आणि म्हणतो, "आता फळ्यापाशी तू ये."

आतापर्यंतचे वाद गमतीचे होते. पाचवा वाद गमतीचा नाही.

डॉक्टर लाओ दोन तऱ्हांनी बोलतो. कधी तो विद्वान माणसासारखे सुंदर, शुद्ध इंग्रजी बोलतो. कधी मोडकेतोडके, उच्चार बिघडवलेले इंग्रजी बोलतो. चिनी माणसांची चेष्टा करण्यासाठी त्या काळी अमेरिकेत असे इंग्रजी वापरले जाई. शिवाय पुस्तकात काही समाजांसाठी अपमानाचे शब्दही आले आहेत. आजच्या अनेक वाचकांना हे सलते. ते म्हणतात, "हा विनोद आम्हांला सहन होत नाही." दुसऱ्या बाजूचे वाचक म्हणतात, "नीट पाहा. डॉक्टर लाओ समोरचा माणूस पाहून भाषा बदलतो. जो त्याला अडाणी समजतो, त्याच्याशी तो अडाण्यासारखा बोलतो. थट्टा त्याची नाही, गावकऱ्यांची चालली आहे."

येथे थोडा इतिहास समजून घ्यावा लागेल. चिनी मजुरांनी अमेरिकेत येऊ नये, असा कायदा अमेरिकेने १८८२ साली केला. तो १९४३ साली रद्द झाला. म्हणजे ही कादंबरी निघाली, तेव्हा चिनी माणसांना दाराबाहेर ठेवणारा कायदा चालू होता. अशा देशात मोडके इंग्रजी बोलणारा चिनी माणूस दाखवला, की बहुतेक वाचक कोणाला हसले असतील? गावकऱ्यांना की त्या म्हाताऱ्याला?

माझे मत असे आहे. डॉक्टर लाओ हा या पुस्तकातला सर्वांत हुशार माणूस आहे, याला पुस्तकात भरपूर आधार आहे. तरीही ज्या वाचकांना ही थट्टा टोचते, त्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. लेखकाचा हेतू कदाचित वाईट नसेल. परंतु काटा टोचलेल्या माणसाला "झाडाचा हेतू वाईट नव्हता" असे सांगून काय उपयोग? एखाद्या समाजाच्या बोलण्याची, नावाची किंवा पोशाखाची टिंगल झाली, की काय वाटते, हे ज्याने सोसले त्यालाच कळते. म्हणून मी हे पुस्तक फेकून द्या असे म्हणणार नाही आणि त्यातला हा दोष झाका असेही म्हणणार नाही. एकाच पुस्तकाबद्दल "हे मला आवडले" आणि "हे मला खटकले" अशी दोन्ही वाक्ये एकाच माणसाला लिहिता येतात. ती दोन्ही खरी असू शकतात.

आणखी एक गोष्ट सांगतो. पुष्कळदा आपले मत आपण पुस्तक उघडण्यापूर्वीच ठरवून टाकतो. १९६४ साली या कादंबरीवरून एक चित्रपट निघाला. त्याच्या नावाचा अर्थ 'डॉक्टर लाओचे सात चेहरे' असा होतो. टोनी रँडल या गोऱ्या अमेरिकन नटाने त्यात डॉक्टर लाओसह अनेक भूमिका केल्या. त्याचे चेहरे रंगवणाऱ्या विल्यम टटल यांना विशेष ऑस्कर पुरस्कार मिळाला. चित्रपटात एक खलनायक घातला आहे, प्रेमकथा घातली आहे आणि शेवट गोड केला आहे. तो पाहून जे वाचक पुस्तकाकडे येतात, ते निराश होतात. कारण पुस्तकात तसा गोडवा नाही.

तसेच रे ब्रॅडबरी या प्रसिद्ध लेखकाच्या वाचकांचे होते. ब्रॅडबरी यांनी १९५६ साली अद्भुत कथांचा एक संग्रह संपादित केला. त्यात फिनी यांची ही कादंबरी घेतली आणि संग्रहालाही तिचेच नाव दिले. पुढे १९६२ साली त्यांनी स्वतः एका विचित्र जत्रेवर कादंबरी लिहिली. त्या जत्रेत एक फिरता पाळणा असतो. तो उलटा फिरला, की बसणारा लहान होतो. सुलटा फिरला, की मोठा होतो. तेथे वाईट कोण, चांगले कोण हे वाचकाला स्पष्ट कळते. दोन मुले आणि एकाचे वडील त्या वाईटाशी झुंज देतात. फिनी यांच्या सर्कशीत अशी झुंज नाही. म्हणून ब्रॅडबरी यांची जत्रा मनात ठेवून जो फिनी यांच्या तंबूत शिरतो, त्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते. आंबा खायचा म्हणून चिंच तोंडात टाकली, तर दोष चिंचेचा नसतो.

मग खरे मत बनते कसे? यासाठी रुखच्या अंड्याकडे पुन्हा वळू या. दुसऱ्या सफरीत सिंदबाद एका निर्जन बेटावर अडकतो. दूर त्याला पांढरे काहीतरी दिसते. जवळ गेल्यावर तो एक प्रचंड घुमट आहे, असे त्याला वाटते. तो त्याच्याभोवती फेरी मारतो, दार शोधतो. दार सापडत नाही. इतक्यात आकाश काळोखते आणि एक महाकाय पक्षी खाली उतरतो. तेव्हा सिंदबादला उमगते, की हा घुमट नाही, हे अंडे आहे! सिंदबादचे पहिले मत चुकले होते. पण तो फेरी मारायला विसरला नाही. दार नाही, हे त्याने स्वतः पाहिले. पक्षी आल्यावर "मी घुमट म्हटले म्हणजे घुमटच" असा हट्ट त्याने धरला नाही. ॲबलोनचे लोक मात्र पिंजऱ्यासमोर हट्ट धरून बसले.

वाचकानेही पुस्तकाभोवती अशी फेरी मारावी. पहिल्या वाचनात जे वाटले, ते मनात ठेवावे. मग ते कोणत्या पानामुळे वाटले, ते शोधावे. नंतर आपल्या उलट मत असणाऱ्याला विचारावे, "तुला असे का वाटले? मला ती जागा दाखव." त्याने दाखवलेली जागा आपण पाहिलेलीच नसेल, तर मत बदलायला लाजू नये. जागा पाहूनही आपले मत तेच राहिले, तर ते ठामपणे सांगायला भिऊ नये. मग सांगणारा शिक्षक असो की पुस्तकाला पुरस्कार देणारी संस्था असो.

मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. "आमचे मराठी साधे आहे, मग आम्ही मत कसे लिहिणार?" अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. मित्रांनो, मताला अवघड शब्द लागत नाहीत. "मला हा प्रसंग आवडला नाही, कारण..." एवढे मराठी तुम्हांला नक्की येते. 'कारण' या शब्दापुढे तुम्ही जे लिहाल, ते तुमचे असेल. मार्गदर्शकातल्या दहा भारदस्त वाक्यांपेक्षा असे एक साधे वाक्य मला अधिक मोलाचे वाटते. ते लिहिणाऱ्याने पुस्तक वाचले आहे, एवढे तरी त्यावरून कळते.

'डॉक्टर लाओची सर्कस' ही मोठ्या माणसांसाठी लिहिलेली कादंबरी आहे. तुम्ही आणखी मोठे व्हाल, तेव्हा ती जरूर वाचा. तोपर्यंत तुमच्या शाळेच्या वाचनालयात दुसरी पुष्कळ पुस्तके आहेत. त्यांतले एखादे या आठवड्यात घरी न्या. तुमच्या शेजारी बसणाऱ्या मित्रालाही तेच वाचायला सांगा. मग दोघे मिळून वाद घाला. वाद रंगला आणि एकमत झाले नाही, तर पुस्तक पुन्हा उघडा. पिंजऱ्यात अस्वल आहे की माणूस, हे पिंजऱ्याजवळ गेल्याशिवाय कसे कळणार?